बनगरवाडीत व्याकरणाचा तास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, सुरुवातीलाच एक लहानसं वाक्य तुमच्यापुढे ठेवतो. ‘मी शाळेचं दार उघडलं.’ या वाक्यातला प्रयोग कोणता?

शाळा सोडून कितीही वर्षं झालेली असोत, असा प्रश्न कानावर आला की माणूस क्षणभर बाकावर जाऊन बसतो. बहुतेक जण म्हणतील, दार उघडणारा ‘मी’, म्हणजे कर्ता ‘मी’, तेव्हा हा कर्तरी प्रयोग. उत्तर सरळ वाटतं, पण ते चूक आहे. दाराऐवजी खिडकी घेऊन पाहा. ‘मी खिडकी उघडली.’ दरवाजा घ्या. ‘मी दरवाजा उघडला.’ ‘मी’ तोच आहे, त्याच्यात काही फरक नाही. क्रियापद मात्र जे उघडलं गेलं त्याच्या लिंगाप्रमाणे बदलत गेलं. क्रियापद कर्माचं ऐकतं, म्हणून हा कर्मणी प्रयोग.

हा नियम व्याकरणाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. मुलं तो पाठ करतात, गुण मिळवतात आणि सुट्टी लागली की विसरतात. यात मुलांच्या बुद्धीचा दोष नाही. व्याकरणाच्या पुस्तकातली वाक्यं बिचारी पोरकी असतात. ‘राम आंबा खातो’ यातला राम कोण, आंबा कुणाच्या झाडाचा, आणि त्याने तो खाल्ला काय न खाल्ला काय, आपलं त्यात काय गेलं? ज्या वाक्याशी देणंघेणं नाही त्याच्या प्रयोगाशी तरी कुठून असणार? मग मुलं खुणा पाठ करतात. ‘ने’ दिसला की कर्मणी, कर्माला ‘ला’ दिसला की भावे, ‘सारखा’ दिसला की उपमा, ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा. परीक्षेपुरतं भागून जातं. पण ‘मी’सारखा शब्द समोर आला, जो ‘ने’ हा प्रत्यय घेतच नाही, की खूण सापडत नाही आणि उत्तर चुकतं.

आज मला बोलायचं आहे ते व्याकरणाच्या आणि साहित्यातल्या संज्ञांच्या उजळणीविषयी. ही उजळणी सुट्या वाक्यांवर न करता वर्गात एक आख्खी कादंबरी वाचता वाचता करता येते, आणि तशी केली तर त्या संज्ञा मुलांच्या उपयोगाच्या होतात, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी व्याकरण, मग गोष्ट?

आपल्याकडे एक मजेदार योगायोग आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली छापलं गेलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. म्हणजे छापील व्याकरण आधी आलं आणि कादंबरी त्यानंतर एकवीस वर्षांनी. शाळेने जणू हाच क्रम आजवर धरून ठेवला आहे. आधी व्याख्या, मग उदाहरण, आणि वेळ उरला तर पुस्तक.

पण व्याकरणकार नियम कुठून आणतात? लोक बोलत होते, गोष्टी सांगत होते, ओव्या म्हणत होते. ते ऐकून, पारखून नियम मांडले गेले. दादोबांनी मांडणीचा साचा इंग्रजी व्याकरणांच्या वळणावर घेतला असेल, पण आत भरलेली मराठी इथलीच होती. १९११ साली आलेल्या मोरो केशव दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’चंही तेच. भाषा आधी आणि नियम मागून. नवा विषय शिकवताना शिक्षकाला व्याख्येपासून सुरुवात करावी लागत असेल, पण निदान उजळणीच्या वेळी तरी हा नैसर्गिक क्रम पाळायला काय हरकत आहे?

यासाठी मी नेहमी सुचवतो ती कादंबरी म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. १९५५ साली ती पुस्तकरूपाने आली. औंध संस्थानाच्या काळातली, माणदेशातल्या धनगरांच्या एका वाडीची ही कहाणी आहे. एक कोवळ्या वयाचा मास्तर तिथली शाळा चालवायला जातो. सुरुवातीला शाळेत पोरं येत नाहीत. हळूहळू वाडी त्याला आपला मानते. म्हातारा कारभारी, त्याची पोर अंजी, चोरीला चोरी म्हणायला न लाजणारा आनंदा रामोशी अशी माणसं आपल्या ओळखीची होतात. मास्तरच्या खटपटीने गाव तालीम बांधतं, तिच्या उद्घाटनाला राजा येतो. आणि मग दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस होते. १९९५ साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला, तो अनेकांनी पाहिला असेल.

ही कादंबरी निवडण्याची कारणं साधी आहेत. ती छोटी आहे. तिच्यात शाळा आहे. ती ‘मी’च्या तोंडून सांगितलेली आहे. आणि तिच्यातला मास्तर प्रमाण मराठीत गोष्ट सांगतो, तर गावातली माणसं आपापल्या बोलीत बोलतात. या शेवटच्या दोन गोष्टींत व्याकरणाच्या उजळणीची बरीचशी शिदोरी भरलेली आहे. माडगूळकर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांसाठी अनेक वर्षं काम करत होते. माणूस कसा बोलतो हे ऐकण्याचा त्यांचा कान किती तयार होता ते त्यांच्या संवादांत जागोजाग दिसतं.

मास्तरच्या जागी बाई

आता प्रत्यक्ष तासाकडे वळू. कादंबरीत मास्तर आपली दिनचर्या सांगतो आहे असं एखादं पान काढायचं आणि मुलांना एकच काम द्यायचं. समजा, या वाडीत मास्तरऐवजी बाई आल्या असत्या. ‘मी’ म्हणजे आता बाई. कोणकोणते शब्द बदलावे लागतील?

पुस्तकातली वाक्यं मी इथे वाचून दाखवत नाही. त्या वळणाची चार वाक्यं आपणच करू. ‘मी सकाळी उठलो. शाळेचं कुलूप काढलं. झाडू घेतला, ओसरी लोटली. पोरांची वाट बघत बसलो. शेवटी मीच वाडीत गेलो आणि पोरांना बोलावलं.’

आता बाई बोलतील तेव्हा ‘उठलो’चं ‘उठले’ होईल, ‘बसलो’चं ‘बसले’, ‘गेलो’चं ‘गेले’. पण ‘कुलूप काढलं’ तसंच राहील. ‘झाडू घेतला’, ‘ओसरी लोटली’, ‘पोरांना बोलावलं’ यांतही काही बदलणार नाही. मुलं पेन्सिलीने खुणा करत जातात आणि पानावर आपोआप दोन गट पडतात. बदललेली क्रियापदं कर्त्याचं ऐकणारी, तो कर्तरी प्रयोग. न बदललेली क्रियापदं कर्त्याला न जुमानणारी. ती मग कुणाचं ऐकतात? कुलपाच्या जागी कडी घाला, ‘काढलं’चं ‘काढली’ होतं. झाडूच्या जागी केरसुणी घाला, ‘घेतला’चं ‘घेतली’ होतं. ही कर्माचं ऐकणारी, म्हणजे कर्मणी. उरलं ‘बोलावलं’. पोरांना बोलावलं, पोरीला बोलावलं, म्हाताऱ्याला बोलावलं. हे क्रियापद ना कर्त्याचं ऐकतं ना कर्माचं, आपलं नपुंसकलिंगी एकवचनात ठाण मांडून बसलेलं असतं. हा भावे प्रयोग. पाठ केलेली व्याख्या न म्हणता तीन प्रयोग समोर उभे राहतात, आणि मुलं ते स्वतः शोधतात.

चौकस मुलं एवढ्यावर थांबत नाहीत. कुणीतरी हात वर करून विचारतं, ‘मी निरोप विसरलो’ याचं काय? विसरण्याला कर्म आहे, निरोप. तरी बाईंच्या तोंडी ‘विसरले’ असा बदल होतो. मग शोध सुरू होतो आणि शिकणे, विसरणे, जेवणे असे काही सकर्मक धातू भूतकाळातही कर्तरीच राहतात हे लक्षात येतं. दुसरं कुणी म्हणतं, ‘मी उद्या जाईन’ हे मास्तरही म्हणेल आणि बाईही म्हणतील, मग तो कर्तरी नव्हे का? तो कर्तरीच आहे, पण भविष्यकाळात मराठी क्रियापद लिंग दाखवत नाही, पुरुष आणि वचन दाखवतं. म्हणजे ही कसोटी मुख्यतः भूतकाळापुरती. कसोटी कुठे चालते आणि कुठे चालत नाही हे मुलांनी स्वतः ठरवणं, याला मी खरी उजळणी म्हणतो.

सांगणारा कोण, त्याला माहीत किती?

याच खेळातून साहित्यातली एक संज्ञा सहज हाती येते, ती म्हणजे निवेदक. गोष्ट सांगणारा. लेखक वेगळा आणि निवेदक वेगळा, हे मुलांना समजावून सांगणं अवघड जातं. पण मास्तरच्या जागी बाई बसवल्या की लक्षात येतं, लेखकाने सांगणारा निवडलेला असतो. माडगूळकरांनी हा तरुण मास्तर निवडला. ते कारभाऱ्यालाही निवडू शकले असते, अंजीलाही. मग तीच वाडी किती वेगळी दिसली असती!

प्रथमपुरुषी निवेदनाची एक अट असते. ‘मी’ जिथे नव्हता तिथलं त्याला दिसत नाही. दुसऱ्याच्या मनातलं त्याला कळत नाही, त्याने फक्त तर्क करायचा किंवा ऐकीव सांगायचं. ऐकीव सांगण्यासाठी मराठीत एक फार कामाचा शब्द आहे, ‘म्हणे’. ‘तो रात्रीच गाव सोडून गेला’ आणि ‘तो म्हणे रात्रीच गाव सोडून गेला’ या दोन वाक्यांत सांगणाऱ्याची जबाबदारी बदलली. दुसऱ्या वाक्यात तो म्हणतो आहे, मी पाहिलेलं नाही, लोक बोलतात ते सांगतो. ‘म्हणे’ हा शब्द ‘म्हणणे’ या धातूतून आला खरा, पण इथे तो क्रियापदाचं काम करत नाही. मग त्याची जात कोणती, यावर वर्गात चांगला वाद रंगतो. वाद रंगू द्यावा. शब्दाची जात त्याच्या कपाळावर लिहिलेली नसते, वाक्यातल्या कामावरून ती ठरते, हा धडा त्यातून मिळतो.

आणखी एक जोडी पाहण्यासारखी आहे. ‘मी पाहिलं’ आणि ‘मला दिसलं’. ‘मी ठरवलं’ आणि ‘मला वाटलं’. पहिल्यात माणूस काहीतरी करतो, दुसऱ्यात काहीतरी त्याच्यापर्यंत येतं. ‘मला थंडी वाजते’ या वाक्यात कर्ता कोण, हा आपल्याकडचा प्रसिद्ध वाद. परंपरेने ‘थंडी’ला कर्ता म्हटलं आहे. नवख्या गावात पाऊल टाकणारा मास्तर आणि पुढे गावाकडून तालीम बांधून घेणारा मास्तर, या दोघांच्या वाक्यांत ‘मी’ किती आणि ‘मला’ किती, हे मुलांना मोजायला सांगावं. सुरुवातीची दोन पानं आणि मधली दोन पानं घ्यावी. उत्तर शिक्षकाने आधी ठरवून ठेवू नये. आकडे काहीही येवोत, ते का आले हे बोलताना मुलं पात्राच्या वाढीविषयी बोलू लागतात. परीक्षेत ज्याला व्यक्तिचित्रण म्हणतात, ते विभक्तीच्या दाराने आत आलेलं असतं.

‘येई’ आणि ‘आला’

काळाची उजळणीही अशीच करता येते. गोष्टीत भूतकाळ एकच नसतो. ‘पोरं दिवस उगवायला येत, ओळीने बसत. म्हातारा दाराशी टेके, तंबाखू मळी आणि मास्तर काय सांगतो ते ऐके.’ हा रीतिभूतकाळ. रोज घडत होतं, अमुक एका दिवसाचं हे वर्णन नाही. आणि मग वाक्य येतं, ‘त्या दिवशी एकही पोर आलं नाही.’ हा साधा भूतकाळ. हे वाक्य वर्गात मोठ्याने वाचलं की मुलं सावरून बसतात. आता काहीतरी घडणार हे त्यांना आधीच कळतं. ते कुणी सांगितलं? काळ बदलला, त्याने सांगितलं.

वातावरणनिर्मिती आणि प्रसंग असे दोन शब्द आपण साहित्याच्या उत्तरात नेहमी लिहितो. त्यांतला फरक विचारला तर मोठी माणसंही अडखळतील. कादंबरीचं पान समोर ठेवलं तर फरक बोटाने दाखवता येतो. जिथवर ‘येई, बसे, सांगे’ चाललं आहे तिथवर वातावरण. जिथे ‘आला, बसला, म्हणाला’ सुरू झालं तिथे प्रसंग. प्रत्येक ठिकाणी हे असंच असेल असं नाही, चांगला लेखक नियमाला बांधून घेत नाही. पण मुलांना शोध घ्यायला एक धागा मिळतो, आणि तो धागा व्याकरणाचा असतो.

उपमान कुणाच्या घरचं?

अलंकारांचं तर फारच वाईट झालं आहे. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द अशी चौकट भरायची आणि मोकळं व्हायचं. ‘रान तव्यासारखं तापलं’ ही उपमा. ‘रान म्हणजे जणू तवाच’ ही उत्प्रेक्षा. चौकट भरली, गुण मिळाले. पण विचारायचा खरा प्रश्न पुढेच असतो. हे कोण म्हणतंय? तापलेल्या रानाला तव्याची उपमा देणाऱ्याच्या घरात चूल आहे, भाकरी आहे, आणि दुष्काळात ती भाकरी मिळेल की नाही याची चिंता आहे. शहरातला माणूस कदाचित डांबरी सडक म्हणेल. उपमान माणसाच्या घरातून, त्याच्या धंद्यातून येतं. मेंढरं राखणारा मेंढरांच्या भाषेत जग पाहतो. म्हणून अलंकार ओळखल्यावर ‘हे उपमान कुणाच्या घरचं?’ एवढं विचारलं तरी अलंकाराचा संबंध पात्राशी आणि परिसराशी जोडला जातो. प्रादेशिक कादंबरी म्हणजे काय, हेही त्याच उत्तरात येऊन जातं.

शब्दशक्तीचं तसंच. अभिधा, लक्षणा, व्यंजना ही नावं मुलांना भारी वाटतात. पण ‘दुष्काळात गाव उठून गेलं’ या वाक्यात गाव कसं उठेल? घरं, विहीर, वाटा सगळं जागच्या जागी आहे. उठली ती माणसं. गाव म्हणजे माणसं, ही लक्षणा. आता ‘बनगरवाडी’चा नायक कोण, हा प्रश्न टाकावा. मुलं आधी मास्तर म्हणतात. मग कुणीतरी म्हणतं, पुस्तकाचं नाव तर वाडीचं आहे. मग लक्षात येतं की ही कहाणी खरं तर त्या वाडीचीच आहे, मास्तर तिचा साक्षीदार आहे. ‘गाव’ या एका शब्दाची लक्षणा कळली की कादंबरीचं मर्म हाती लागतं. दुष्काळ हा तिथे खलनायकाच्या जागी येतो, तोही बिनचेहऱ्याचा.

‘म्या’ची गोष्ट

आता मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येतो. ‘हाय’, ‘न्हाई’, ‘म्या’, ‘तुमास्नी’ असं घरी बोलणारं मूल शाळेत येतं. त्याच्या वहीत लाल शाईने ‘अशुद्ध’ असा शेरा पडतो. दोन-चार वेळा असं झालं की ते मूल वर्गात बोलेनासं होतं. विचारलं तर मान हलवतं. भाषेच्या तासाला एका मुलाचं बोलणं बंद पडावं, याहून मोठं नुकसान कोणतं? आणि हे मूल काही दूरच्या खेड्यातच असतं असं नाही. माणदेशासारख्या दुष्काळी भागातून पोटासाठी शहरात आलेल्या घरांतली मुलं आज शहरातल्या प्रत्येक शाळेत आहेत.

‘बनगरवाडी’सारख्या पुस्तकातले संवाद मोठ्याने वाचायची वेळ आली की अशा मुलाला पुढे बोलवावं. प्रमाण भाषेत वाढलेली मुलं त्या संवादांना अडखळतात, त्यांचा सूर खोटा लागतो. हा मुलगा मात्र घरी बोलतो तसा वाचत जातो. वर्ग त्याला शब्दांचे अर्थ विचारू लागतो. जे घरचं म्हणून लपवायचं होतं ते छापील पुस्तकात, नावाजलेल्या लेखकाच्या पानावर आहे, हे त्याला दिसतं. हा फरक मी वर्गात अनेकदा पाहिला आहे.

पण केवळ कौतुक करून थांबू नये. इथे व्याकरणाचाही एक सुंदर पुरावा आहे. आपण सुरुवातीला घेतलेलं वाक्य आठवा, ‘मी दार उघडलं.’ प्रमाण मराठीत ‘मी’ची प्रथमाही ‘मी’ आणि तृतीयाही ‘मी’. दोन्ही रूपं सारखी, म्हणून तर मुलं फसतात. ‘मास्तरने दार उघडलं’ असं म्हटलं की ‘ने’ दिसतो आणि कर्मणी ओळखता येतो. हिंदीत ‘मैं गया’ पण ‘मैंने दरवाज़ा खोला’, तिथेही खूण उघड आहे. प्रमाण मराठीतल्या ‘मी’ने ती खूण पुसून टाकली आहे.

आणि बोलीत? अनेक गावांत ‘मी गेलो’ असं म्हणतात, पण ‘म्या दार उघडलं’, ‘म्या केलं’. हे ‘म्या’ म्हणजे तृतीयेचं रूप आहे. ते बिघडलेलं ‘मी’ नव्हे. जुन्या व्याकरणांच्या विभक्तीच्या तक्त्यांत ते ‘म्यां’ असं सापडतं, ‘तू’ची तृतीया ‘त्वां’ अशी सापडते, आणि मागे ज्ञानेश्वरीपर्यंत गेलं तर ‘मियां’ भेटतं. म्हणजे ज्या शब्दाला आपण अशुद्ध म्हणून लाल शाई लावतो, तो कर्मणी प्रयोगाची खूण जपून बसलेला आहे. काही ठिकाणी ‘म्या’ आता प्रथमेसारखाही वापरला जातो, हे खरं. पण जिथे भेद टिकला आहे तिथे ‘म्या’ म्हणणाऱ्या मुलाला ‘प्रयोग ओळखा’ हा प्रश्न इतरांपेक्षा सोपा जायला हवा. आपण त्याला ते कधी सांगितलेलंच नसतं!

याचा अर्थ प्रमाण भाषा शिकवू नये असा अजिबात नाही. अर्ज लिहायचा आहे, उत्तरपत्रिका लिहायची आहे, राज्यभरच्या माणसांशी बोलायचं आहे, त्यासाठी प्रमाण भाषा हवीच. कादंबरीतला मास्तरही निवेदन प्रमाण भाषेतच करतो. पण त्याच पानावर दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदतात आणि दोन्हींना आपापलं व्याकरण आहे. कोणत्या जागी कोणती वापरायची, हे मुलाने शिकावं. त्यासाठी आपल्या घराची लाज वाटायचं कारण नाही.

तास कसा घ्यावा?

शिक्षकांना प्रश्न पडेल, हे बसवायचं कुठे? अभ्यासक्रम आधीच वेळेत पुरा होत नाही. माझा अनुभव असा की आठवड्याचा एक तास पुरतो. पहिलं वाचन सरळ गोष्टीसाठी करावं, त्या वेळी हातात पेन्सिल नको आणि प्रयोगही नको. पुढे काय होतं याची ओढ असताना मध्येच ‘समास सोडवा’ म्हटलं तर मुलं पुस्तकाचाच राग धरतील. गोष्ट पुरी झाली की मग आठवड्याला एक पान. त्या पानाला तीनच प्रश्न विचारावे. हे कोण सांगतंय? क्रियापद कुणाचं ऐकतंय? आणि हे वाक्य दुसऱ्या तऱ्हेने लिहिलं तर काय हरवेल? संज्ञेचं नाव उत्तर सापडल्यावर फळ्यावर लिहावं. या तासाला गुण ठेवू नयेत. शाळेत पुस्तकाची एकच प्रत असेल तर शिक्षकाने वाचावं आणि ते एक पान फळ्यावर उतरवावं.

परीक्षेचं काय, असंही विचारलं जातं. परीक्षेत मुलापुढे न पाहिलेलं वाक्य येतं आणि त्यातला प्रयोग, काळ किंवा अलंकार ओळखायचा असतो. न पाहिलेली वाक्यं भेटण्याची कादंबरीइतकी चांगली जागा नाही. अर्थात सगळंच कादंबरीतून येणार नाही. वृत्तांना कविताच हवी. संधी आणि समासांचा थोडा सराव वेगळा करावाच लागतो. विरामचिन्हं, प्रयोग, काळ, विभक्ती, शब्दांच्या जाती, वाक्प्रचार आणि निवेदनाच्या संज्ञा यांना मात्र कादंबरीचं पान उत्तम.

पुस्तकही हेच हवं असं नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आठवणी सांगतो, तेव्हा गोष्टीत गोष्ट सांगण्याची रीत समजायला ते पुस्तक चांगलं. मिलिंद बोकिलांची २००४ सालची ‘शाळा’ नववीतल्या मुलाच्या तोंडून येते, ती मोठ्या मुलांना आपली वाटते. २०२० साली राज्यात सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला, २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. पण मुलाला मराठी पुस्तक वाचावंसं वाटणं कायद्याने होत नाही, ते वर्गात आणि घरात व्हावं लागतं.

म्हणून पालकांनाही एक सुचवतो. या आठवड्यात घरातली ‘मी’ने सांगितलेली एखादी कादंबरी काढा. मुलाला किंवा मुलीला एक पान वाचायला द्या आणि सांगा, सांगणारा पुरुष असेल तर तिथे बाई आहे असं समज, बाई असेल तर पुरुष समज. बदलतील त्या क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ मारायची. दहा मिनिटं पुरतात. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, तुमच्या गावाकडे ‘मी केलं’ म्हणत की ‘म्या केलं’? ते जे सांगतील ते मुलाला वहीत लिहून घ्यायला सांगा, आणि वही पुढच्या मराठीच्या तासाला बाईंना किंवा सरांना दाखवायला सांगा.